समोर कोण बसणार? : ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन आणि त्यांच्या फोटोंतली माणसं



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने एक प्रश्न विचारला होता आणि आम्ही तो टाळला होता. विषय वेगळा होता, वेळही संपत आली होती, ही कारणं खरीच. पण उत्तर जवळ नव्हतं, हे त्याहून खरं. तो म्हणाला, "सर, मी पोर्ट्रेट काढायला शिकतोय. कॅमेरा घेतला, लेन्स घेतली, उजेडाचं तंत्र हळूहळू कळतंय. पण समोर बसायला माणूसच मिळत नाही. मित्र 'येतो' म्हणतात आणि रविवारी सकाळी फोन उचलत नाहीत. भरवशाची माणसं आणायची कुठून?"

बरेच जण हसले. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो फोटोग्राफीइतकाच जुना आहे आणि त्यात एक तत्त्वज्ञानाचा प्रश्नही दडलेला आहे. आज त्याचं उत्तर इतिहासातून शोधायचा प्रयत्न करू.

1838 साली पॅरिसमध्ये दागेरने आपल्या खिडकीतून बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता चांगला गजबजलेला, गाड्याघोडे, माणसं. पण प्लेटवर उजेड पडू द्यायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात जे जे हललं ते सगळं पुसलं गेलं. चित्रात रस्ता ओसाड दिसतो. फक्त कोपऱ्यात एक माणूस उरला आहे. तो बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून एका जागी थांबला होता. फोटोत टिपला गेलेला पहिला ज्ञात मनुष्य म्हणून त्याचं नाव घेतात. म्हणजे नाव घेता आलं असतं तर घेतलं असतं, कारण तो कोण हे कुणालाच माहीत नाही, आणि आपला फोटो निघाला हे बहुधा त्यालाही कधी कळलं नसेल. गंमत अशी की तो दागेरसाठी थांबलाच नव्हता. तो बुटांसाठी थांबला होता. हे जरा लक्षात ठेवा.

त्यानंतर ज्यांनी माणसांचे चेहरे टिपायचं मनावर घेतलं, त्यांनी आधी स्वतःलाच समोर बसवलं. फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने 1839 मध्ये स्वतःचं चित्र घेतलं. फ्रान्समध्ये इपोलित बायारने 1840 मध्ये स्वतःला बुडून मेलेला माणूस म्हणून उघडाबागडा बसवला. मेलेल्याचं सोंग घेण्याचा एक व्यावहारिक फायदा असा की डोळे मिटलेले चालतात आणि हलायचा प्रश्नच येत नाही. नवशिक्याला मिळणारा सर्वांत भरवशाचा मॉडेल म्हणजे तो स्वतः. पण त्याने फार दिवस भागत नाही. पोर्ट्रेट ही दोघांची गोष्ट आहे.

आता आपण ज्यांच्याकडे जाणार आहोत त्या बाईंचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आम्ही त्यांना आपल्या पद्धतीने कॅमेरॉनबाई म्हणणार आहोत, चालवून घ्या. जन्म कलकत्त्याचा, 11 जून 1815 चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आई फ्रेंच. 1838 साली कलकत्त्यातच लग्न झालं ते चार्ल्स हे कॅमेरॉन या कायदेपंडिताशी. नवरा वीस वर्षांनी मोठा. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली ज्या आयोगाने भारतीय दंडविधानाचा मसुदा केला, त्या आयोगावर हे गृहस्थ होते. पुढे कुटुंब इंग्लंडला परतलं आणि 1860 पासून आइल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर गावात राहू लागलं. शेजारी कवी टेनिसन. सिलोनमध्ये यांचे कॉफीचे मळे होते, त्यातल्या एकाच्या नावावरून घराचं नाव ठेवलं डिंबोला.

डिसेंबर 1863. नवरा सिलोनच्या मळ्यांवर गेलेला, मुलं आपापल्या वाटेला. आईला एकटेपणात काहीतरी विरंगुळा हवा म्हणून मुलगी आणि जावई यांनी एक कॅमेरा भेट दिला. बाईंचं वय अठ्ठेचाळीस. आपल्याकडे त्या वयात माणूस नोकरीची उरलेली वर्षं मोजायला लागतो. आम्हीही मोजली आहेत. बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांचं काचेचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला. कोंबड्यांचं काय झालं? त्या मोकळ्या सोडल्या गेल्या, खाल्ल्या गेल्या नसाव्यात अशी आशा आहे, असं बाईंनीच पुढे लिहून ठेवलंय. मुलांची ताज्या अंड्यांची कमाई तेवढी थांबली.

त्या काळचं तंत्र थोडं सांगायला हवं, नाहीतर समोर बसणाऱ्याचं दुःख कळणार नाही. याला वेट कलोडियन म्हणतात, ओल्या काचेची पद्धत. स्वच्छ काचेवर कलोडियनचं चिकट द्रावण सगळीकडे सारखं पसरेल असं ओतायचं, मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचं आणि सुकायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. काच सुकली की सगळं वाया. हात सिल्व्हर नायट्रेटने काळे पडायचे, कपड्यांवर डाग पडायचे. त्यात बाईंना मोठमोठ्या काचा हव्यात, उजेड मंद हवा. म्हणून एक्स्पोजर तीन ते सात मिनिटांचं. इतर स्टुडिओंत मानेमागे लोखंडी टेकू लावत, म्हणजे डोकं हलत नसे. बाईंच्या फोटोंतली डोकी मात्र अगदी किंचित हललेली दिसतात, आणि त्या हलण्यानेच ती जिवंत वाटतात. फोटोग्राफिक सोसायटीतल्या जाणकारांनी या धूसरपणावर सडकून टीका केली. त्या वादात आज शिरायला नको.

सात मिनिटं हे ऐकायला काहीच वाटत नाही. आज घरी जाऊन एकदा करून बघा. घड्याळ समोर ठेवा, नजर एका जागी, मान एका जागी. एका अनामिक बाईने नंतर लिहिलेली आठवण आहे. कॅमेरॉनबाईंनी तिला डोक्यावर मुकुट घालून राणी म्हणून बसवलं होतं. पहिल्या मिनिटात किंचाळावंसं वाटायला लागलं, दुसऱ्यात डोळे खोबणीतून बाहेर येतात की काय असं झालं, मुकुट घसरू लागला, आणि चित्र काही मिळालं नाही. हे सगळं हौसेने बसलेल्या माणसाचं.

मग अशा यातनेला माणूस तयार होणार कसा? बाईंचा पहिला उपाय सगळ्यांत सरळ होता. पैसे. फ्रेशवॉटरचा एक शेतकरी त्यांना इतिहासातल्या बोलिंगब्रोकसारखा दिसला. त्याला तासाला अर्धा क्राऊन दिला, म्हणजे अडीच शिलिंग. त्या वेळी इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला दहा-बारा शिलिंगांच्या आसपास मिळत, म्हणजे चार-पाच तास बसलं की आठवड्याची मजुरी. कितीतरी तास गेले, कितीतरी अर्धे क्राऊन गेले, आणि शेवटी एक चित्र साधलं. बाईंनी ती काच विजयाने वाळायला धरली आणि त्या आनंदात हात नेमका ओल्या बाजूवरून फिरवला. चित्र पुसलं गेलं. म्हणजे त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. भरवशाचा नव्हता तो फोटोग्राफर. आमच्या तरुण मित्राने या प्रसंगावर थोडं थांबून विचार करावा अशी विनंती आहे.

मग त्यांनी दोन मुलं बसवली. ऐन क्षणी एकाला हसू फुटलं, काच गेली. मग एकच मुलगी बसवली, ॲनी फिलपॉट. तिला पैशाचं काय कौतुक? बाईंनी तिला समजावलं की तू हललीस तर बिचाऱ्या कॅमेरॉनबाईंची औषधं फुकट जातील, मेहनतही वाया जाईल. मुलगी ऐकून गंभीर झाली आणि हलली नाही. जानेवारी 1864. त्या फोटोखाली बाईंनी लिहिलं की हे माझं पहिलं यश. पुढची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. बाई आनंदाने घरभर धावत सुटल्या, मुलीला काय काय द्यावं म्हणून शोधत. हा फोटो आपण नाही, हिनेच काढलाय असं त्यांना वाटत होतं. त्याच दिवशी प्रिंट काढली, टोन केली, चौकटीत बसवली आणि रात्री मुलीच्या वडिलांच्या हातात दिली. फोटो दुपारी, प्रिंट रात्री. आज फोन हातात असताना आपण लोकांचे फोटो काढतो आणि "पाठवतो हं" म्हणतो, ते कधीच पाठवत नाही. असो.

पैसा झाला, करुणा झाली. तिसरी गोष्ट म्हणजे शेजार आणि दबदबा. टेनिसन शेजारी म्हणून मिळाले, आणि त्यांच्याकडे येणारे पाहुणेही मिळाले. 1868 मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलोला टेनिसन स्वतः बाईंकडे सोडून गेले आणि जाताना म्हणाले म्हणे, की ही सांगेल तसं करावं लागेल, तुमच्यातलं काय शिल्लक राहिलं ते बघायला मी परत येतो. डार्विन त्याच वर्षी उन्हाळ्यात सहकुटुंब फ्रेशवॉटरला राहायला आले होते, तेही बसले. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल हे बाईंचे केपटाउनपासूनचे, तीस वर्षांचे स्नेही. छायाचित्र कागदावर पक्कं ठेवणारा हायपो हे त्यांचंच देणं. 1867 मध्ये बाई सरंजाम घेऊन त्यांच्या घरी गेल्या. आधी म्हाताऱ्याला केस धुवायला लावले, म्हणजे ते मोकळे होऊन प्रकाशात चमकतील. तो फोटो बघितला नसेल तर बघा. अंधारातून एक चेहरा येतो, डोळे थकलेले, आणि त्या पांढऱ्या केसांचा उजेड.

नात्यातली माणसं तर हुकमी. नवरा म्हातारा, पांढऱ्या लांब दाढीचा. तो कधी मर्लिन जादूगार झाला, कधी राजा लिअर. लिअरच्या तीन मुलींपैकी एक म्हणजे ॲलिस लिडेल, जिच्यासाठी लुईस कॅरॉलने ॲलिसची गोष्ट रचली ती. नवऱ्याला ऐन वेळी हसू आवरत नसे. भाच्यांच्या पोरींना हंसाचे पंख बांधून देवदूत करत. त्यांतल्या एकीने, लॉरा गर्नीने, मोठेपणी लिहिलंय की ते जड पंख आमच्या इवल्या खांद्यांवर असत, आणि जुन्या फोटोंत आम्ही इतक्या कातर का दिसतो याचं कारण ते.

आपल्या फाळके यांचीही गोष्ट हीच नाही का? 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, 1913 च्या आधी, तारामतीसाठी बाई मिळेना. ज्यांच्याकडे जावं त्या नाही म्हणत. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास घरचाच, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. पुढे 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. प्रत्येक नव्या कलेचं पहिलं भांडवल घरातली पोरं असतात. त्यांना कुणी विचारत नाही.

पण कॅमेरॉनबाईंच्या कामाचा कणा ही मोठी माणसं नव्हेत. तो कणा म्हणजे घरातल्या मोलकरणी. सगळ्यांत महत्त्वाची मेरी हिलियर. बेटावरच्याच एका चांभाराची मुलगी, लहान वयातच डिंबोलात कामाला आलेली. दिवाणखान्याची साफसफाई, पाहुण्यांची ऊठबस, आणि बाईंना उजेड आवडला की हातातलं काम टाकून बसायचं. मॅडोना म्हणून ती इतक्या वेळा बसली की गावात तिला मेरी मॅडोनाच म्हणायला लागले. ती सॅफो झाली, थडग्यापाशी उभी असलेली देवदूत झाली. दहा वर्षं तोच चेहरा. बाईंनी 1874 मध्ये आपल्या फोटोग्राफीची हकीकत लिहायला घेतली. ती अपुरी राहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. तीत मेरी हिलियरचा उल्लेख अत्यंत सुंदर आणि अत्यंत स्थिर, न ढळणारी मॉडेल असा आहे. आमच्या तरुण मित्राचा 'भरवशाची' हा शब्द तिथे सापडतो. तिथेच बाई असंही म्हणतात की हिच्या स्वभावाविषयी, मनाच्या घडणीविषयी लिहिण्यासारखं खूप आहे, ते योग्य वेळी लिहीन. ती योग्य वेळ आलीच नाही. हकीकत तशीच अर्धवट राहिली.

इथे आम्ही अडखळलो. शेतकरी बसला कारण तासाला अडीच शिलिंग. ॲनी बसली कारण तिला वाईट वाटलं. टेनिसन बसले, कुरकुरत बसले, आणि आपल्याच एका फोटोला त्यांनी 'घाणेरडा साधू' असं नाव ठेवलं. ते ठेवू शकले, कारण नाव ठेवायचा त्यांना अधिकार होता. मेरी हिलियर का बसली? तिला आवडतही असेल. तिला त्यात काही अर्थ सापडलाही असेल. पण 'नाही' म्हणायची सोय तिला होती का? आणि जिला 'नाही' म्हणता येत नाही, तिच्या 'हो'ला आपण भरवसा म्हणायचं की आणखी काही?

वर्गात आम्ही कान्ट शिकवायचो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे त्याचं सूत्र मुलं पाठ करत आणि त्यातला 'केवळ' हा शब्द नेमका गाळत. साधन म्हणून वापरू नका असं कान्ट म्हणत नाही. तसं झालं तर न्हाव्याकडेही जाता येणार नाही. एकमेकांचा उपयोग केल्याशिवाय जगणं चालत नाही. अडचण 'केवळ'पाशी आहे. आता बाईंच्या फोटोंची नावं बघा. पुरुष स्वतःच्या नावाने येतात, हर्शेल, कार्लाइल, डार्विन. भाची ज्युलिया जॅक्सन, जी पुढे व्हर्जिनिया वुल्फची आई झाली, तिचे पन्नासाहून अधिक फोटो बाईंनी काढले आणि बहुतेकांत ती ज्युलिया जॅक्सनच आहे. तिला कुणाचं सोंग घ्यावं लागत नाही. मोलकरणी मात्र मॅडोना होतात, सॅफो होतात, देवदूत होतात. सोंग त्यांनाच का? एक उत्तर असं की बाईंनी त्यांना वर उचललं, चांभाराच्या मुलीला देवाची आई केलं, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हे. दुसरं उत्तर असं की मेरी हिलियर म्हणून तिला बघायची कुणाला गरजच वाटली नाही. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. पण पहिलं अगदी खोटं आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण त्या फोटोंत जी शांत, जड पापण्यांची मुलगी दिसते ती कुठल्याही सोंगाखाली दबलेली नाही.

दुसरी मेरी, मेरी रायन, हिची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या मुंबईपर्यंत येते. लंडनजवळ पटनी हीथवर एक आयरिश बाई मुलीला घेऊन भीक मागत होती. कॅमेरॉनबाईंनी मुलीला घरी आणलं, शिकवलं, पुढे ती घरातच कामाला लागली आणि अर्थात फोटोत बसू लागली. प्रॉस्पेरो आणि मिरांडा या चित्रात ती मिरांडा. 1865 मध्ये लंडनला बाईंच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, तिथे हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने तिला पाहिलं आणि ती जिच्यात आहे ती सगळी चित्रं विकत घेतली म्हणतात. 1867 मध्ये लग्न झालं आणि तो हिंदुस्थानात मुलकी नोकरीवर रुजू झाला. हाच पुढे सर हेन्री कॉटन, आसामचा चीफ कमिशनर, निवृत्तीनंतर 1904 च्या मुंबईच्या राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष. रस्त्यावर भीक मागणारी मुलगी लेडी कॉटन झाली. बाईंनी ही हकीकत भिकारणीवर भाळलेल्या राजाची गोष्ट म्हणून मोठ्या अभिमानाने लिहिली आहे. छान आहे. पण भिकारणीशी लग्न करणाऱ्या राजाची गोष्ट नेहमी राजाची म्हणून सांगतात, एवढं आमच्या लक्षात आलं.

आता थोडं स्वतःचं सांगितल्यावाचून पुढे जाणं बरं नाही. आम्ही नुकते नोकरीला लागलो होतो तेव्हा आमच्याकडे क्लिक थ्री कॅमेरा होता. 120 चा रोल, त्यात बारा फोटो. बारा म्हणजे बारा, तेरावा नाही. आम्हालाही पोर्ट्रेटची हौस आली होती. सहकारी रविवारी येतो म्हणायचे, यायचे नाहीत. रोज न चुकता घरी कोण यायचं? धुण्याभांड्याच्या मावशी. एके सकाळी मागच्या दारात ऊन छान तिरपं आलं होतं. आम्ही म्हटलं, मावशी, जरा बसा. त्या म्हणाल्या, "साहेब, पुढच्या घरी उशीर होईल." आम्ही म्हटलं, पाचच मिनिटं. त्या बसल्या. ओले हात, खोचलेला पदर, शेजारी राखेचं वाडगं. पाच मिनिटांची पाऊण तास झाली, कारण आम्हाला ऊन गालावर हवं होतं. पुढच्या घरी त्यांना काय ऐकावं लागलं ते आम्ही विचारलं नाही.

फोटो चांगला आला होता. एका स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. शीर्षक आम्ही दिलं होतं 'वार्धक्य'. मावशी तेव्हा चाळिशीच्याही नसतील. प्रिंट त्यांना दिली नाही. द्यायची नव्हती असं नाही. सुचलंच नाही.

पुढे आम्ही घर बदललं. दहा-बारा वर्षांनी त्यांचा मुलगा शोधत आला. आई गेली होती, तेरावं दोन दिवसांवर, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की अमक्या सरांनी तुझ्या आईचा फोटो काढला होता. आम्ही पेटीतून प्रिंट काढून दिली. त्याने ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "सर, आई अशी बसलेली नको दिसायला. नुसतं तोंड मोठं करून मिळेल का?" फोटो स्टुडिओत तेव्हा ते करून मिळायचं. चेहरा कापून मोठा करायचे, मागे निळसर रंग भरायचे, डोक्यावर पदर रंगवायचे. त्याने तसं करून घेतलं. ऊन, राखेचं वाडगं, ओले हात, ज्यांच्यासाठी आम्हाला बक्षीस मिळालं होतं, ते सगळं त्याने कात्रीबाहेर टाकलं. सुरुवातीला आम्हाला त्या कात्रीचं वाईट वाटलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तर पुन्हा कॅमेरॉनबाई. 1875 मध्ये त्या नवऱ्याबरोबर सिलोनला गेल्या. मेरी हिलियर मागे राहिली, चित्रकार वॉट्स यांच्या माळ्याशी तिने लग्न केलं आणि त्याच गावात संसार केला. सिलोनमध्ये बाईंना सगळंच नव्याने जमवावं लागलं, पुन्हा नवशिक्यासारखं. काच, रसायनं, पाणी, उकाडा, आणि समोर बसायला माणसं. तिथले त्यांचे तीसच्या आतच फोटो आज उरले आहेत. 1877 च्या सुमारास चित्रकार मेरियन नॉर्थ कळुतराला त्यांच्याकडे उतरली. तिच्या आठवणींत आहे की भर दुपारच्या उकाड्यात बाईंनी तिला शाली पांघरायला लावून नारळाच्या टोचणाऱ्या झावळ्यांत उभं केलं. तिनेच आणखी एक लिहून ठेवलंय. एका स्थानिक माणसाची पाठ बाईंना इतकी आवडली की त्यांनी मुलाला सांगून त्याला माळी म्हणून ठेवून घ्यायला लावलं. घराला बाग नव्हती. आणि माळी म्हणजे काय, हे त्या माणसालाही माहीत नव्हतं.

नॉर्थबाई ही गंमत म्हणून सांगते. आम्हालाही पहिल्यांदा गंमतच वाटली. मग वाटलं, भरवशाचा मॉडेल मिळवायचा हा सगळ्यांत चोख उपाय. त्याला अशा नोकरीवर ठेवा की ज्या नोकरीत दुसरं काम नाही. त्या माणसाचं नाव मात्र तिने लिहिलेलं नाही. कळुतरातल्या बहुतेक चेहऱ्यांना नावं नाहीत. मेरी हिलियरला निदान नाव उरलं, कबर उरली, अभ्यासक तिच्या मागावर गेले.

एका फोटोपाशी मात्र आम्ही नेहमी थांबतो. कळुतराच्या गावकऱ्यांचा गट. एक मुलगी, एक म्हातारा. खाली बाईंची नोंद अशी की मुलगी बारा वर्षांची, आणि म्हातारा म्हणतो की तो तिचा बाप आहे आणि त्याचं वय शंभर आहे. 'म्हणतो' हा शब्द बघा. बाईंनी त्याला कुठला राजा केलं नाही, लिअर केलं नाही, साधू केलं नाही. त्याने स्वतःविषयी जे सांगितलं ते तसंच लिहून घेतलं, पटो न पटो. शंभर वर्षांच्या बापाला बारा वर्षांची लेक? बाईंना शंका आली असणार, म्हणूनच 'म्हणतो' आलं. शंका असेल, पण ते सगळ्या आयुष्यात फोटोखाली लिहिलेल्या थोड्या ओळींपैकी एक आहे, जिथे समोर बसलेल्याचं बोलणं कागदावर आलंय.

आमच्या तरुण मित्राला काल फोन केला होता. विचारलं, पहिला फोटो कुणाचा काढणार? म्हणाला, सोसायटीच्या वॉचमनचा, तो रात्रभर खुर्चीत बसूनच असतो. आम्ही म्हटलं, तो खुर्चीत त्याच्या कामासाठी बसलाय, तुझ्यासाठी नव्हे. बुटांना पॉलिश करणारा आठवतो ना? आधी त्याला विचार, तासाचे पैसे ठरव, तो काय कपडे घालणार ते त्याला ठरवू दे, आणि प्रिंट त्याच रात्री दे. मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, तो म्हणेल गणवेश नको, लग्नातला सूट घालतो. मग फोटोत मजा काय राहिली?"

आम्ही त्याला म्हटलं, सूट घालून काढ एकदा. पुढच्या महिन्यात तो प्रिंट घेऊन येणार आहे.

चला, प्रश्न असतील तर घेऊ.